एकादशीची गोचीड

“हलू नकोस!” असं माझी बायको मुग्धा ओरडली तेव्हा मी डायनिंग टेबलावर पालथा पडलो होतो, हाफ पॅन्ट अब्रूच्या हद्दीपर्यंत वर सरकवलेली होती आणि मांडीच्या मागे एक गोचीड माझ्या रक्तावर पोसत होती.

करोनामुळे त्या वर्षी नेदरलँड्समध्ये सगळं बंद होतं, उघडं होतं ते फक्त जंगल. त्यामुळे अख्खा देश झाडांमधून फिरायचा, एकमेकांपासून दीड मीटर लांब राहून. गोचिडीला हा नियम कुणी सांगितला नव्हता.

मुग्धा वाखनिंगनच्या कृषी विद्यापीठात पिकांवर संशोधन करते. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, पण टोकदार चिमटा असतोच. तिचं म्हणणं साधं होतं: अगदी कातडीजवळ पकडायचं, सरळ वर ओढायचं, जागा जंतुनाशकाने पुसायची आणि गोचीड चिकटपट्टीत गुंडाळून कचऱ्यात. मिनिटाचं काम.

पण तो रविवार होता, आणि रविवारी आमचा पुणे-सांगली-आयंडहोव्हन व्हिडिओ कॉल असतो. वडीलधारे समोर असताना त्यांना न विचारता परस्पर गोचीड काढायची, हे माझ्या संस्कारांत बसेना. मी लॅपटॉप मांडीकडे वळवला.

पुण्याहून आईने खोबरेल तेल सुचवलं. ओतलं. गोचीड चकाकायला लागली, बाकी काही नाही. मग सांगलीचे मामा सरसावले. (मामांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या. माझ्यात आणि म्हशीत फरक करायचं त्यांना कधी कारण पडलं नाही.) त्यांचा हुकूम आला: उदबत्तीचा चटका.

“चटका दिलास तर पोटातली सगळी घाण ती तुझ्या अंगात ओकेल,” मुग्धा म्हणाली.

“अगं, मामा मोठे आहेत.”

“मग तूच दे.”

दिला. लॅपटॉपवर स्वतःची मांडी बघत, हात मागे नेऊन. नोकरीत मी चिपवरच्या केसाहून बारीक रेषा जुळवतो. पण पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही. उदबत्ती गोचिडीपासून चांगली चार बोटं लांब टेकली. माझी किंकाळी बेल्जियमच्या हद्दीपार गेली. गोचीड ढिम्म.

मुग्धाने मला कोपराने दाबून धरलं आणि एका झटक्यात ती अख्खी बाहेर काढली. चिकटपट्टी कापून तयार होती. तेवढ्यात आई म्हणाली, “आज एकादशी आहे रे. मारू नकोस त्या जिवाला.”

मी आज्ञाधारक मुलगा. टिश्यूवर घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि गवतात तिला सन्मानाने सोडलं. वळून पाहिलं तर दारात मुग्धा. तिचा चेहरा बघता घरात न जाणंच बरं होतं. चटक्यामुळे बसता येईना, म्हणून गवतातच पालथा पडलो आणि डॉक्टरांच्या सुट्टीच्या दिवशीच्या नंबरवर फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारपूस केली. पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा, लाल वर्तुळ पसरलं किंवा ताप आला तर कळवा, म्हणाल्या. भाजलं कशाने, असं त्यांनी विचारलं. उदबत्तीला डचमध्ये काय म्हणतात ते सुचेना, म्हणून मी ‘धार्मिक कारणाने’ असं सांगितलं. मग त्यांनी गोचिडीचं काय केलं ते विचारलं. एकादशीसकट सगळं सांगितलं.

त्यांनी ते सगळं टाइप करून घेतलं.

“तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“त्याच गवतात. पालथा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग पुन्हा फोन कराल तेव्हा हाच नंबर लावा.”