युन-चेच्या दोन साखळ्या

युन-चे म्हणजे काडीसारखा पोरगा, पेंगहू बेटावरचा. त्याच्या आईची तिकडे मच्छीची टपरी. मी तेव्हा तैवानात, तैनान शहरातल्या कॉलेजात काचेच्या बाटल्या धुवायला होते. तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि विचारायचा, मावशी, जेवलात का? स्वतः उपाशी असायचा, पण विचारणार मला.

त्याचं काम त्यानंच मला सांगितलेलं बरं का. जंतूच्या इवल्याशा पोटात एक लांबच लांब साखळी असते. जंतूचे दोन व्हायचे असले की साखळीच्याही दोन होतात, एक ह्या टोकाला जाते, एक त्या टोकाला. मग ओढतं कोण? युन-चे म्हणायचा, कुणी ओढायलाच नको, दाटीत हलता हलताच सुटत असतील. म्हणून त्यानं मण्यांच्या दोन साखळ्या केल्या, एक तांबडी, एक पांढरी. त्या गुंतवून अरुंद काचपेटीत घातल्या आणि पेटी हलवायच्या यंत्रावर ठेवली. दिवसच्या दिवस. वरून कॅमेरा तासाला एक फोटो काढायचा.

यंत्रावर हिरव्या पुडीतला खाऊ असायचा. ठेवतातच आमच्याकडे, यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. पण तारीख उलटलेली पुडी चालत नाही. बुधवारी बघते तर तारीख गेलेली. यंत्र थांबवलं, पुडी बदलली, आणि समोर तो गुंता. बाळा, माझं लहानपण मासे धरायची जाळी उकलण्यात गेलं, बोटांना सांगावं लागत नाही. झाकण काढलं, पाच मिनिटांत तांबडी इकडे, पांढरी तिकडे. यंत्र परत चालू केलं आणि मग ध्यानात आलं, त्या तर आपोआप सुटायला हव्या होत्या.

तेवढ्यात युन-चे आला. बघतच राहिला. मग पुडीला हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमची पुडी पावली." आईला फोन लावला आणि रडायलाच लागला. मी बाटल्या घासायला निघून गेले.

शुक्रवारी त्यानं सरांपुढे सगळं दाखवलं. मी मागे चहाचे कप मांडत होते. सरांनी विचारलं, एका तासात एवढं कसं? तो म्हणाला, आपोआप, आणि माझ्याकडे बघून हसला.

संध्याकाळी मोरीपाशी त्याला सांगितलं. त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "जाळीवाल्या बाईपुढे गुंता ठेवला, चूक माझीच." थट्टा केली, पण ओठ पांढरे पडलेले.

पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "पेटीला माझाच हात लागला होता." त्यानं माझं नाव घेतलं असतं तर माझं काम गेलं असतं, म्हणून नाही घेतलं. मी तिथंच होते, कप घेऊन. तेव्हाही बोलले नाही. त्या दिवसापासून पोरं त्याला हातसफाईवाला म्हणायला लागली.

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. बावीस दिवस लागले, पण साखळ्या सुटल्या, आपल्या आपण. मला बोलवायला धावत आला. मी गेले नाही, बाटल्या घासत राहिले. कुठल्या तोंडानं बघणार? त्याचं शिक्षण पुरं झालं, तो बेटावर परत गेला, पण नाव हातसफाईवालाच राहिलं.

म्हणून बाळा, तुला लिहायला बसवलंय. मोठ्या अक्षरात लिही. हात माझा होता, त्याचा नव्हे.