स्विच काढायला बोलावलेला माणूस

ठाकुर्लीच्या आमच्या घरातला सेफ्टी स्विच आठवडाभर रोज पडत होता, घरातली वीज जात होती. शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावला. दारातच त्याने बायकोला विचारलं, "ताई, रबरी चपला घालूनच येतो, चालेल?" देवघरापुढून मात्र तो अवघडून चवड्यांवर गेला.

मी हातातला स्क्रूड्रायव्हर नाचवत रुबाबात म्हणालो, "तो स्विचच काढा. थेट जोडून टाका."

त्याने गिझरची पिन उपटली, स्विच वर केला. तो पडला नाही.

"काका, गिझरमधून करंट पाण्यात उतरतोय. घरात खरं बोलणारा हा एकटा, त्यालाच हाकलताय?"

"एकटा नाही हो," बायको म्हणाली. "गिझर लावला की पडतो, हे मीही रोज सांगत होते."

तो हसला नाही. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तेवढा त्याने अलगद काढून घेतला.