ब्याण्णववाले चाचा

चाचा दुसऱ्याने दिलेली कॉफी थुंकत असत. लपूनछपून नव्हे, देणाऱ्याच्या समोर. घोट घ्यायचा, क्षणभर तोंडात धरायचा, कपाळाला आठी घालायची, उठून बेसिनपाशी जाऊन थुंकायचं, नळ सोडून बेसिन स्वच्छ धुवायचं आणि परत येऊन जाहीर करायचं, "पानी जळलंय." सौदीत जुबैलला नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात हा मान मला मिळाला. कॉफी मशीनची होती, मी फक्त बटण दाबलं होतं, तरी अपमान माझाच झाला.

खरं तर त्या मशीनबद्दल त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आमच्या पँट्रीतल्या त्या यंत्रातून चहा, कॉफी आणि टोमॅटोचं सूप एकाच तोटीतून यायचं. तोटीच्या कडेला दुधाच्या भुकटीचा पिवळट थर बसलेला असे आणि कुणी आधी सूप घेतलं असेल तर कॉफीवर तेलाचे दोन लाल थेंब तरंगत. वर पाणी इतकं कढत की जीभ भाजे. आम्ही तीस माणसं दिवसातून चार वेळा ते घशाखाली ढकलायचो आणि मळमळ उन्हामुळे होते असं एकमेकांना सांगायचो.

आमचं काम मोजमापाची उपकरणं तपासायचं. कारखान्यांतले तापमानाचे, दाबाचे काटे आमच्या वर्कशॉपमध्ये यायचे, नाहीतर आम्ही तिकडे जायचो, आणि ते खरं दाखवतात की नाही हे लिहून द्यायचो. चाचा तिथले सर्वांत जुने टेक्निशियन. दापोलीजवळचे, सौदीत एकतीस वर्षं काढलेले. मी नाशिकहून आलेला इंजिनिअर, कागदावर त्यांचा साहेब. ते मला 'नाशिककर' म्हणत आणि एकेरीत बोलत. मी त्यांना चाचा म्हणे. वर्कशॉपमधले बाकीचे त्यांना पाठीमागे 'ब्याण्णववाले' म्हणत, कारण कॉफीसाठी पाणी ब्याण्णव डिग्रीचंच हवं, हा त्यांचा कायदा होता.

हा कायदा पाळण्यासाठी ते वर्कशॉपचा मास्टर थर्मामीटर वापरत. मास्टर म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकी सगळे थर्मामीटर पास-नापास करायचे तो. रोज सकाळी हॉटप्लेटवर स्टीलच्या भांड्यात पाणी ठेवायचं, त्यात मास्टरची सळई सोडायची आणि आकडा ब्याण्णवला पोचला की बटण बंद. पाणी उकळू द्यायचं नाही. उकळून निवलेलं पाणी त्यांच्या मते मेलेलं असे. मग कागदी गाळणीतल्या पुडीवर ते पाणी बारीक धारेने, गोल गोल ओतायचं. कंपनीचं उपकरण असं वापरणं नियमात बसत नव्हतं. मॅनेजरसकट सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि मॅनेजरसकट सगळे ती कॉफी पीत.

हा मॅनेजर एकदा म्हणाला, पाच-दहा डिग्रीने कॉफीला काय फरक पडतो. दुसऱ्या दिवशी चाचांनी एकाच पुडीचे तीन कप केले, एक उकळत्या पाण्याचा, एक ब्याण्णवचा, एक ऐंशीचा, आणि तिन्ही माझ्यापुढे ठेवले. पहिला इतका कडू की जिभेला कोरड पडली, करपलेल्या पातेल्याचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. तिसरा आंबट, पांचट आणि पोकळ. मी दोन्ही थुंकले. मधला मात्र मी संपवला, साखर न घालता, आयुष्यात पहिल्यांदा.

"जास्त तापलं की पानी हावरट होतं," चाचा म्हणाले. "घ्यायचं ते घेतं, सोडायचं तेबी घेतं. आनि कमी तापलेलं पानी आळशी. आंबट तेवढं उचलतं, गोड आतच ठेवून येतं." मॅनेजरने त्याच्यासाठी वेगळे केलेले तिन्ही कप चाखून ते सारखेच आहेत म्हणून सांगितलं. चाचांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त ताटात झुरळ निघालेल्या माणसाची पाहिली आहे.

जिभेपुढे ते कुणाची भीड ठेवत नसत. लग्नानंतर वर्षभराने माझी बायको जुबैलला आली तेव्हा मी चाचांना घरी जेवायला बोलावलं. तिने हौसेने कॉफी केली, वेलदोडा-जायफळ घालून. चाचा घोट घेऊन उठले आणि आमचं मोरीचं दार शोधू लागले. परत येऊन म्हणाले, "पोरी, तुला पानी उकळायला शिकवलं, थांबायला कोनी शिकवलं नाय." ती दोन दिवस धुमसत होती. "असल्या थुंक्या माणसाला पुन्हा घरी आणायचं नाही," तिने मला बजावलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती पातेल्यावरचं झाकण काढून गुपचूप थांबलेली मला दिसली.

त्यांच्या कायद्याला एकच अपवाद होता. गेटवरचा सौदी सुपरवायझर घरून थर्मास भरून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणायचा आणि आम्हाला द्यायचा. तो चांगला खळखळा उकळलेला असे. मला वाटलं, आता हे गेटवर थुंकणार आणि आमचे गेटपास जाणार. चाचा तीन छोटे प्याले प्यायले आणि कप हलवून पुरे अशी खूण केली. मी विचारलं तेव्हा ते उलट माझ्यावरच वैतागले. "ती कमी भाजलेली हाय, नाशिककर. सोनेरी दाना. ती उकळायसाठीच असते. समजून न घेता नियम लावायचा, हा गाढवपना." असं ते मला मोकळेपणाने गाढव म्हणत आणि मला राग येत नसे, हे आज आठवलं की बरं वाटत नाही.

मग अबहाची कामगिरी आली. अबहा दक्षिणेत, डोंगरात, सात हजार फुटांवर. तिथल्या एका डेअरीतले दूध तापवण्याचे चार थर्मामीटर तपासायला मला एकट्याला पाठवलं. मी मास्टर घेऊन गेलो. काम सुरू करण्याआधी मास्टरच तपासायचा असतो, बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात, दोन्हीकडे. शून्य दिसायला हवं आणि शंभर. बर्फासाठी खाली गावात जावं लागणार होतं आणि मला कंटाळा आला होता. मी नुसतं पाणी उकळलं. मास्टरने त्र्याण्णव दाखवले. विमानात आदळआपट झाली असेल असं धरून मी बटणं दाबून त्यात सात मिळवले, आकडा शंभरावर आणला आणि त्याच्याशी जुळवून डेअरीचे चारही थर्मामीटर सरकवले. दाखल्यावर लिहिलं, बर्फ आणि उकळतं पाणी, दोन्ही तपासलं.

उंचावर पाणी लवकर उकळतं हे मी सातवीत शिकलो होतो. अबहात ते त्र्याण्णवलाच उकळतं. मास्टर खरं बोलत होता, मी त्याला खोटं बोलायला लावलं.

परत आलो त्या सकाळी चाचांनी नेहमीसारखी कॉफी केली, घोट घेतला आणि स्वतःच्या हातची कॉफी थुंकली. हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "आंबट," ते म्हणाले. त्यांनी पुडी हुंगली, गाळणी धुतली, पुन्हा केली, पुन्हा थुंकली. मग जे ते कधी करत नसत ते केलं, पाणी खळखळ उकळू दिलं. मास्टरने एकशे सात दाखवले. चाचांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "अबहाला बर्फ लावला होता?"

मी मास्टरची सळई पाण्यातून बाहेर काढली.

"डेअरीला फोन लाव. आत्ता. दूध सात डिग्री कमी तापतंय तिथं. पोरं पितात ते."

फोन मी लावला, एवढं मात्र केलं. डेअरीने लाइन बंद केली. बाहेर न गेलेलं दूध ओतून टाकलं आणि दुकानांत गेलेलं परत मागवलं. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही. दुपारी डेअरीची तक्रार आली आणि मॅनेजरने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

त्याने दाखला पुढे सरकवला. "आइस चेक किया था ना?"

मी म्हणालो, "हाँ."

एवढाच शब्द. बायको येऊन दोन महिने झाले होते, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा होता, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं आणि ते कारण म्हणून पुरेसं आहे असं मला वाटलं. चाचा माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मी अजून काही बोलेन म्हणून. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. मॅनेजरला उत्तर आयतं मिळालं. चाचा रोज मास्टर कॉफीच्या पाण्यात बुडवतात, वाफेने तो बिघडला, इंजिनिअरचा काय दोष. ज्याने ती कॉफी दोन वर्षं फुकट प्यायली होती त्याने कागदावर लिहिलं, उपकरणाचा गैरवापर.

चाचांचं वय झालंच होतं, नोकरी वाढवून मिळाली नाही. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का पडला. निघायच्या दिवशी भर दुपारी ते कंपनीच्या गाडीत दम्मामच्या विमानतळाला जायला बसले, तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून विचारलं ते असं, "चाचा, तुम्ही तिथे बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुझं होतं." मग म्हणाले, "मला जायचं काय वाटत नाय, मी जानारच होतो. पन एकतीस वर्षांत माझ्या हातचं एक माप चुकलं नाय आनि कागदावर हे लिहिलंय. तेवढं बदलून घे, नाशिककर. दुसरं काय नको."

मी घेतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, बर्फाचं, अबहाचं, दाखल्यावरच्या खोट्याचं. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि हात झटकले. "खलास. वो तो चला गया. अब फाइल क्यों खोलनी?" आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. मी सांगितलं होतं, तो नाही म्हणाला होता, नोकरी शाबूत होती. एक शब्दही वाढवून न बोलता मी बाहेर आलो आणि जेवायला गेलो, आणि मला भूकही लागली होती.

दर ईदला चाचांचा फोन येतो. ते बायकोची चौकशी करतात, मुलगी आता किती मोठी झाली ते विचारतात, उन्हाळा कसा आहे विचारतात. कागदाचं कधीच विचारत नाहीत. ते न विचारता फोन ठेवतात तेव्हा मला बरं वाटतं. दरवर्षी बरं वाटतं, आणि दरवर्षी स्वतःची शिसारी येते.