पाच जणांचं पाणी

मला थांबणं जमत नाही. बायको म्हणते, हा माणूस चहा उकळायच्या आत कप धरून उभा राहतो. तिला वाटतं हा नुसता स्वभाव आहे. या स्वभावानं एकदा काय करून ठेवलंय ते तिला ठाऊक नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी तेवीस-चोवीस वर्षांचा, शिरूर कासारच्या बाजूला दूध सोसायटीची व्हॅन चालवायचो. सकाळी गावातलं दूध कॅनमध्ये भरायचं आणि दहाच्या आत चिलिंग सेंटरला पोचवायचं, एवढंच काम. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेल्या बायांनी छावणीतला चारा घालून गाई जगवल्या होत्या. त्या गाईंच्याच दुधावर त्यांची चूल पेटत होती.

व्हॅन जुनी, सारखी तापायची. तिच्यापायी त्या उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बजावून ठेवलं होतं, "तिसऱ्यांदा नासलं की दूध संघ आपल्या गावचं दूध बंद करणार हाय. मग ह्या बायांनी कुठं घालायचं दूध, सांग." तेव्हापासून स्टेअरिंग धरलं की माझी नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त असायची.

त्या दिवशी साडेआठला काटा सरळ लाल रेघेवर गेला. बोनेट उघडलं तर रेडिएटरकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप चिरलेला आणि सगळं पाणी रस्त्यावर. हात भाजत भाजत मी सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि पाइपावर करकचून आवळली. आता फक्त पाणी हवं होतं. एरवी गाडीत पाण्याचा एक कॅन असायचा. पण गावात चार दिवस टँकर आला नव्हता, आणि बाया घागरी घेऊन बसलेल्या असताना गाडीसाठी पाणी मागायला मला तोंड नव्हतं. कॅन रिकामाच होता.

जवळच एक वस्ती होती. दारात एक म्हातारी बसलेली. वाटसरूला प्यायला पाणी नाही म्हणायचं नाही, ही रीत आमच्याकडं दुष्काळातही कुणी मोडली नव्हती. पण गाडीला कोण देणार? मी ठोकून दिलं, "माय, गाडी बंद पडलीय. आत पाच माणसं हायती, जीव कासावीस झालाय. एक बाई तर दोन जिवाची हाय."

म्हातारी उठली. "वस्तीवर टँकर परवा आलता. घरात हाय ती ही एवढी घागर. पर प्यायला न्हाई कसं म्हणावं?" मी घागरीला हात घातला, तशी म्हणाली, "टेक की लेकरा घडीभर. नुसतं पाणी देऊ न्हाई. गूळ काढते."

"गूळ नको माय, लई घाई हाय," म्हणत मी घागर उचलली आणि पळत सुटलो. माझ्या डोक्यात फक्त कॅनमधलं दूध होतं. ऊन चढत होतं.

गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं, तापल्या इंजिनात गार पाणी घालू नको बे, अर्धा तास बोनेट उघडून गप बस. मला ते चांगलं आठवत होतं. तरी मी फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढलं, वाफ जरा ओसरल्यासारखी वाटली आणि घागर ओतली.

आतून टच्च असा आवाज आला. चावी फिरवली, इंजिन दोनदा खोकलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, मागोमाग पाणी. गार पाण्यानं इंजिनाचं हेड फुटलं होतं. मी पुन्हा चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मग खाली उतरलो आणि चाकाला लाथ मारली.

म्हातारी तेवढ्यात येऊन पोचली. अनवाणी. पदरात गुळाचे पाच खडे, चार सारखे आणि एक मोठा. तिनं आधी गाडीत डोकावून पाहिलं, मग पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिलं.

"माणसं कुठं गेली?"

"माणसं न्हाईत माय. दूध हाय. गाडीला पायजे होतं पाणी."

इंजिनाखालच्या ओल्या मातीकडं ती बघत राहिली. "मंग चालली का गाडी?"

"न्हाई."

ती रिकामी घागर काखेत घेऊन निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोसायटीनं दुसरी गाडी पाठवली ती दुपारी. दूध नासलं होतं. त्याच आठवड्यात संघानं आमच्या गावचं दूध बंद केलं आणि छावणीतल्या गाई एकेक करून बाजारात गेल्या. बायांनी मला कधी बोल लावला नाही. जुनी गाडी, पाइप फुटला, पोरगं काय करणार, असं सगळे म्हणायचे. मीही मान डोलवायचो.

पण पाइप मी बांधला होता. मिस्त्रीनं नंतर इंजिन खोलायच्या आधी त्यात पाणी भरून पाहिलं, तर ट्यूबच्या पट्टीतून एक थेंब गळला नाही. चिलिंग सेंटर तिथून अर्ध्या तासावर होतं. म्हातारीच्या दारात अर्धा तास टेकलो असतो, तर पावणेदहाला दूध पोचलं असतं.