उतारबाईंची कोरडी अंघोळ

फरशी बसवणाऱ्या त्या बाईंना सगळे उतारबाई म्हणायचे. हे नाव त्यांना वडिलांनी दिलेलं. वडील गवंडी, आणि लेक अठराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली सिमेंट कालवायची. एकदा वडिलांनी एका वकिलाचं बाथरूम पूर्ण केलं आणि कौतुकाने बघत उभे राहिले. लेकीने कोपऱ्यात एक गोटी ठेवली. गोटीने पाणी जायच्या जाळीकडे जायला हवं होतं. ती निघाली दाराकडे आणि बाहेर ठेवलेल्या वकिलाच्या बुटात जाऊन पडली. वडील दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फरशी उखडली आणि म्हणाले, "यापुढे उतार तू काढायचा."

आता बाई बावन्न वर्षांच्या होत्या आणि वडिलांची थापी त्याच चालवत होत्या. बसल्यावर गुडघे बेसिनला टेकतील एवढ्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये त्यांनी सरकतं दार लावून चार वीत जागा मोकळी करून दिली होती. उतरत्या छपराच्या जुन्या घरात, जिथे वाकूनच उभं राहावं लागे, तिथे त्यांनी कमोड आणि अंघोळीची जागा यांची अदलाबदल केली होती. वाकायचंच आहे तर बसायच्या जागी वाका, असं त्यांचं साधं म्हणणं.

त्यांचा एक नियम मात्र होता. हातोडा पडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने कपड्यांनिशी आत जाऊन अंघोळ करून दाखवायची. साबण, तांब्या, टॉवेल सगळं खरं, फक्त पाणी नाही. लोक लाजायचे, हसायचे, पण करायचे.

त्या वर्षी त्यांना एका दुमजली घरातलं तळमजल्याच्या बाथरूमचं काम मिळालं. घरात तीन माणसं: निवृत्त घड्याळजी आजोबा, त्यांचा मुलगा आणि दातांची डॉक्टर असलेली सून. मुलाने मोबाइलवर एका हॉटेलचं बाथरूम दाखवलं. काळी चकचकीत फरशी, जमिनीपासून छतापर्यंत काच, वरून धो धो कोसळणारा शॉवर. अगदी असंच हवं, म्हणाला. बाईंनी फोटो नीट पाहिला आणि त्याला आत पाठवलं.

तो डोळे मिटून शॉवरखाली उभा राहिला, तोंडाला साबण लावल्याचं नाटक केलं आणि साबण ठेवायला हात लांब केला. हात हवेतच राहिला. बाईंनी विचारलं, तुमच्या फोटोत साबण कुठे ठेवतात? त्याने फोटो मोठा करकरून पाहिला. त्या हॉटेलात बहुतेक कुणी अंघोळच करत नसावं. सुनेला दिवसभर उभं राहून दुखणारे पाय धुवायला एक पाय टेकवायची जागा हवी होती, आणि कोरडे कपडे कोरडेच राहतील असा कोपरा.

आजोबा मात्र तयार होईनात. "माझ्या अंघोळीत बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही," म्हणाले. शेवटी कुरकुरत आत गेले. एक तांब्या डाव्या खांद्यावर, एक उजव्या. पण दर वेळी वळताना त्यांचा हात नळाशेजारच्या भिंतीकडे जायचा, आणि तिथल्या पांढऱ्या टाइलवर नेमका पंजाएवढा मळकट डाग होता. दाराजवळही तसाच एक. बाईंनी नळाला हात लावला. नळ हिरडीतून सुटलेल्या दातासारखा हलत होता.

मापं घ्यायची आहेत, गर्दी नको, असं सांगून त्यांनी नवरा-बायकोला बाहेर काढलं.

"आजोबा, कधी पडलात?"

आजोबा जाळीकडे बघत राहिले. "पडलो नाही. बसलो."

"मग उठलात कसे?"

"नळाला धरून."

"तरीच तो हलतोय."

आजोबांनी आवाज खाली आणला. गेल्या महिन्यातली गोष्ट. सुनेला कळलं तर ती दाराची कडी काढून टाकेल, रोज बाहेर उभी राहून हाका मारेल, एवढीच त्यांना धास्ती होती. आणि भिंतीवर दवाखान्यासारखे दांडे तर अजिबात नकोत.

बाई म्हणाल्या, "मी सांगणार नाही. पण एक सांगा, शहाणी माणसं घड्याळ तुमच्याकडे कधी आणायची? बंद पडल्यावर?"

"छे. चालू असतानाच आणायची."

"मग मला तुमच्या हाताची उंची घेऊ द्या."

आजोबांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. तो जिथे टेकला तिथे बाईंनी पेन्सिलने रेघ मारली.

पुढचे दिवस आवाजाचे आणि धुळीचे गेले. काळ्या फरशीचा हट्ट बाईंनी वाद न घालता मोडला. चकचकीत आणि खरखरीत अशा दोन टाइल्स अंगणात ठेवल्या, त्यांवर साबणाचं पाणी ओतलं आणि मुलाला अनवाणी उभं केलं. चकचकीतवर तो दोन्ही हात पसरून असा डुलला की शेवटी बाईंचा खांदा धरून खाली उतरला. खरखरीत टाइल त्याने स्वतःच निवडली. दाराचा उंबरा गेला. काच अर्ध्यावर आली. वरच्या शॉवरऐवजी हातात धरायचा शॉवर आला. कोपऱ्यात विटांचा रुंद कट्टा झाला. पाय टेकवा, साबण ठेवा, वाटलं तर बसा. आणि पेन्सिलीच्या रेघेच्या उंचीवर टॉवेलसाठी एक जाड स्टीलची दांडी बसली. बसवून झाल्यावर बाई पाय उचलून तिला लोंबकळल्या.

सून दारातून बघत होती. टॉवेलसाठी एवढी मजबूत दांडी कशाला, असं तिने सहज विचारलं. बाई थापी धूत राहिल्या.

मग आजोबाच बोलले. "मला धरायला. गेल्या महिन्यात मी आत बसलो होतो. म्हणजे पडलो होतो."

सुनेचा चेहरा उतरला. ती आत आली आणि तिने दांडी ओढून पाहिली. आजोबा कडीकडे बघत होते, हे तिच्या लक्षात आलं असावं.

"कडी लावत जा, बाबा," ती म्हणाली. "फक्त आत असेपर्यंत गात राहा. आवाज थांबला की मी दार ठोकणार."

आजोबांनी हे फारच मनावर घेतलं. बाई आठवड्याने उतार बघायला आल्या, तेव्हा मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळत बसला होता आणि आतून एकाच गाण्याचं धृपद चाळीस मिनिटं चाललं होतं, कारण अंतरा आजोबांना येत नव्हता. मुलाने बाईंना वरच्या मजल्यावर दुसरं बाथरूम काढता येईल का, आणि लवकरात लवकर कधी, असं विचारलं. बाईंनी जिन्याखालचा पाइप ठोकून पाहिला, येईल म्हणाल्या, आणि त्याला वरच्या रिकाम्या खोलीत साबण घेऊन उभं केलं.