आवाज जोडला आणि लगेच बंद केला

गेल्या रविवारी जूचंद्र गावात आमच्या हॉलमध्ये तीन तास नुसता वायरींचा गुंता चालला होता. मी सांगतेय आणि नात प्रणाली टाइप करतेय... मला अक्षर येत नाही, तेव्हा काही चुकलं तर तिला धरा.

त्याचं असं झालं. प्रणालीच्या भावाची, अक्षयची, हळद सहा दिवसांवर आलेली. मी धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणजे धवले गाणारी. हळदीच्या धवल्यात गावदेवीपासून एकेकाला आवतण जातं... आणि नवरदेवाच्या मामाकडचं कडवंच मला आठवेना!

हे साधं नाही हो. ज्याचं आवतण राहिलं तो मांडवात तोंड फुगवून बसतो. आणि अक्षयचे मामा म्हणजे माझ्या सुनेचे भाऊ... सुरेखाने मला जन्मभर ऐकवलं असतं. माझ्या जोडीला गाणाऱ्या सखूला विचारलं असतं, पण ती दोन वर्षांपूर्वी गेली.

मग आठवलं, धाकट्या लेकीच्या हळदीची डिस्क आहे! त्यात आम्ही दोघी हाच धवला गातोय.

मुलगा विनायक माळ्यावर चढला, डीव्हीडी प्लेअर काढला, पुसला. मला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज दिवाळीत घेतलेल्या होम थिएटरमधून काढायचा ठरला. पिवळी वायर टीव्हीला, लाल-पांढरी होम थिएटरला.

चित्र आलं. आवाज नाही. विनायकने लाल काढून पांढरी लावली, पांढरी काढून लाल लावली, मग दोन्हीवर फुंकर मारली. हा माझा मुलगा वालीवला कारखान्यात खोलीएवढाली मशीनं जोडतो बरं का...

"विनू, कारखान्यातच ने रे ते. तिथे कुणी शिकलेलं माणूस असेल."

"आये, तू गप बस जरा!"

शेवटी प्रणालीच्या लक्षात आलं. होम थिएटर अजून तिच्या मोबाईललाच चिकटून बसलेलं, वायरीकडे बघतच नव्हतं. तिने रिमोटचं एक बटण दाबलं आणि खिडक्या थरथरल्या...

सिनेमातलं गाणं! पडद्यावर मी जात्याशी बसून तोंड उघडतेय आणि आतून कुणी हिरो प्रेमाचं गाणं म्हणतोय. सुरेखा हसून हसून सोफ्यावर आडवी.

"आये, शूटिंगवाल्याने वरून गानी टाकलीत. तुजा आवाजच नाय यात," विनायक म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला. माझाही झाला असणार...

पण पडद्यावर माझ्या शेजारी सखू होती. ही बाई कायम माझ्या अर्धा श्वास आधी सुरू करायची. त्यावरून मी तिला किती बोललेय!

"विनू, आवाज बंद कर."

"तीन तास घालवून जोडला, तो बंद करू?"

"कर म्हणते ना."

हॉल शांत झाला. मी टीव्हीला नाक लावून बसले. गावदेवी झाली, भावकी झाली... मग सखूचे ओठ गोल झाले, मिटले, हात जात्यावरून उठून दाराकडे गेला. पुन्हा लाव म्हटलं. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडातून कडवं आपोआप बाहेर पडलं, सगळंच्या सगळं. सुरेखाने डोळ्याला पदर लावला. वर म्हणाली, "वाचलात, आई."

काल हळद झाली. मामाकडचं आवतण आलं तेव्हा मी अर्धा श्वास थांबले. बायकांना वाटलं, म्हातारी विसरली... नाही गं, तेवढी जागा सखूची. मग मी आवाज लावला. मामा लोक खूश, सूनही खूश.

शूटिंगवाल्या भाऊ, तू कुठे असशील तिथे सुखी राहा. आमच्या गाण्यावर गाणं घातलंस ते घातलंस, पण कॅमेरा सखूच्या तोंडावरून हलवला नाहीस... तुझे फार उपकार आहेत रे बाबा.