रत्नव्वांची माती

कल्पना करा, तुमच्या शेताचा बांध तुम्हाला दर पावसाळ्यानंतर मागं घ्यावा लागतोय. मुरगूडजवळ वेदगंगेच्या वळणावर रत्नव्वा हेच करत आल्यात. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात आपटतं आणि त्यांची माती नेतं. समोरच्या काठाशी ते संथ होतं, गाळ टाकतं. २००५ च्या पुरानं तर काठ त्यांच्या विहिरीपर्यंत आणला.

दिवाळीनंतर त्या काठाची माती धरायला निरगुडी रोवत होत्या आणि मी त्यांना फांद्या देत होतो. पुढच्या पुरात तीही जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. पलीकडं मृत्युंजय आपल्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, वांगी तोडत होता.

"माझी माती परत दे की रं!" त्या ओरडल्या.

"मी न्हाय आणली, अक्का! नदीनं टाकली. वांगी पाठवू काय?"

त्या चिडून माझ्याकडं वळल्या. "तू सिव्हिल शिकलाईस न्हवं? सांग त्याला!"

मी सांगितलं, की त्यांची माती बहुतेक खालच्या वळणावर जाते. मृत्युंजयच्या मळीतला गाळ वरच्या वळणावरच्या कुणाच्या तरी शेतातला.

हातातली फांदी त्यांनी आपटली. "म्हणजे एवढी वर्षं मी भलत्याशीच भांडले? मग माझी माती कुणाच्या रानात हाय?"